रंग शेवटी : पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवताना

रामकुंडावरचा पूर ओसरून दुतोंड्या मारुतीचे पाय मोकळे झाले आणि गंगापूर धरणाचा विसर्ग थांबला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी ठरल्याप्रमाणे बदलतो. चार महिने झाकून ठेवलेली बोट आता बाहेर काढायची आहे, तिचे काय काय पाहावे, असे विचारणाऱ्या पत्रांपैकी सात प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. सारख्याच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे सोळा फुटांची फायबरची बोट आणि पंचवीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून ती गिरणारे रस्त्यावरील आमच्या मळ्यात ट्रेलरवर, ताडपत्रीखाली उभी आहे. दसऱ्याला पूजा करून ती पाण्यात उतरवायची, असे घरात ठरले आहे आणि त्याआधी तिला नवा रंग द्यावा, असे सर्वांचे म्हणणे आहे. कामाला सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कोठूनही करा, पण रंगापासून करू नका. रंगाखाली बारीक भेगा, फुगवटे आणि जुन्या डागडुजीच्या कडा झाकल्या जातात आणि पुढचे पंधरा दिवस आपल्याला नेमके तेच शोधायचे आहे. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात घाईने रंगवलेली बोट दिवाळीत पुन्हा खरवडावी लागल्याचे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की हल्ली कोणी ताजी रंगवलेली जुनी बोट विकायला दाखवली तर माझा हात आपोआप तिच्या तळाकडे जातो.

ताडपत्री काढताना आधी एक कड लांब काठीने उचला, थोडे थांबा आणि मगच हात घाला. मळ्यातल्या झाकलेल्या, कोरड्या जागेत पावसाळ्यात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे नाग किंवा घोणस येते. ताडपत्री निघाल्यावर लगेच नळी लावून बोट धुऊ नका. आत पाणी साचले होते काय, साचले असल्यास कोठपर्यंत चढले होते, हे वाळलेल्या गाळाच्या रेषेवरून कळते आणि ती रेषा एकदा धुतली गेली की पुरावाच जातो. तळाचे बूच जूनमध्ये काढून ठेवले होते की तसेच राहिले होते, हेही आधी पाहा. ते तसेच राहिले असेल आणि ताडपत्रीला मध्ये झोळ आला असेल, तर चार चौरस मीटरच्या तळावर केवळ दहा सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन चारशे किलो होते. एवढा भार ट्रेलरच्या दोन-तीन टेकूंवर आठवडेच्या आठवडे राहिला, तर फायबरचा तळ त्या टेकूंपाशी आत दबतो. बोटीच्या मागे वाकून, डोळा तळाच्या पातळीला आणून, लांब सरळ पट्टी तळाला लावून पाहिली की असा दबाव दिसतो. तळाला आत वळण पडलेली बोट वेगात नाक खाली खुपसते आणि मग दोष विनाकारण इंजिनाला दिला जातो.

तळाखालच्या बंद कप्प्यांत बोट तरंगती ठेवणारा फोम भरलेला असतो. बोट जुनी असेल तर तो पाणी पितो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. यावर मला माहीत असलेला सर्वांत सोपा उपाय आपल्याच जिल्ह्यातला आहे. ज्या वजनकाट्यावर कांद्याचे ट्रॅक्टर उभे राहतात, त्याच काट्यावर ट्रेलरसह बोटीचे वजन करून पावती जपून ठेवावी आणि पुढच्या वर्षी ताडून पाहावी. दहा-वीस किलोंच्या फरकाकडे दुर्लक्ष करावे, परंतु सामान तेवढेच असताना शंभर किलो वाढलेले दिसले, तर ते पाणी आहे आणि ते आपोआप वाळणार नाही. कप्पा उघडून भिजलेला फोम काढावाच लागेल.

यानंतर तळ आणि बाजू ठोकून पाहा. हातोडी नको, स्क्रू-ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ पुरते. चांगल्या भागातून टणक, कोरडा आवाज येतो, तर थर सुटलेल्या किंवा ओल धरलेल्या भागातून बद्द आवाज येतो. अशा जागांभोवती खडूने वर्तुळे काढा. वरच्या चकचकीत थरावर, म्हणजे जेलकोटवर, चांदणीसारख्या भेगा दिसल्या तर त्यांच्या मध्यभागी काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा तेथे एखाद्या कडीचा किंवा पायरीचा बोल्ट असतो आणि खरा दोष भेगेत नसून त्या बोल्टामागे आधाराची पट्टी नसण्यात असतो. तळावर वाटाण्याएवढे फोड असतील तर एखादा सुईने फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर जेलकोटमधून पाणी आत झिरपून राळेशी त्याची रासायनिक क्रिया झाली आहे, असे समजावे. हा विकार खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात अधिक होतो, ही गोष्ट धरणात बोट ठेवणाऱ्या अनेकांना खरी वाटत नाही. आपली बोट मात्र वर्षातला बराच काळ ट्रेलरवर कोरडी असल्याने आपल्याला ती भीती कमी आहे.

सर्वांत काळजीने पाहण्याची जागा म्हणजे इंजिन ज्या मागच्या उभ्या फळीवर बसते ती ट्रान्समची फळी होय. बाहेरून ती फायबरची दिसत असली, तरी जुन्या बोटींत आत प्लायवूड असते आणि इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून त्यात पाणी शिरते. इंजिन खाली सोडून त्याचा पंख्याकडचा, म्हणजे प्रोपेलरकडचा, भाग दोन्ही हातांनी वर-खाली हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी फळीकडे पाहायला सांगा. फळी इंजिनाबरोबर हलत असेल किंवा बोल्टापाशी तपकिरी पाण्याचे ओघळ असतील, तर या हंगामात आधी तेवढेच काम करावे. फायबरचे काम करणारे कुशल कारागीर अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मिळतात. टाक्या आणि कूलरची खोकी बनवणाऱ्या माणसाला बोटीचे काम देण्यास माझी हरकत नाही, मात्र ओले प्लाय पूर्ण काढल्याशिवाय वरून नवा थर चढवायचा नाही, हे त्याला आधी बजावून सांगावे लागते.

वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, ते पाहालच. त्याहून फसवा उपद्रव कुंभारीण माशीचा असतो. इंजिनाच्या बाजूने थंड करणाऱ्या पाण्याची जी बारीक धार बाहेर पडते, तिचे भोक या माशीला घरट्यासाठी फार पसंत पडते आणि पावसाळ्यात ती ते चिखलाने लिंपून टाकते. मग इंजिन सुरू केल्यावर धार दिसत नाही आणि मालक पाण्याचा पंप गेला म्हणून घाबरतो. ताठ तारेऐवजी गवत कापण्याच्या यंत्रातला नायलॉनचा दोरा घालून भोक मोकळे करा. त्यानंतरही धार आली नाही, तर मात्र पंपातील रबरी चक्री म्हणजेच इम्पेलर बदला, कारण चार महिने एकाच स्थितीत दबून राहिलेली त्याची पाती वाकडी होऊन कडक बनतात. तपासणीसाठी इंजिन दोनशे लिटरच्या पिंपात पाण्याचे तोंड बुडेल इतके सोडून किंवा नळाला जोडणारे रबरी कान लावूनच सुरू करावे. पाण्याविना इंजिन अर्धा मिनिट चालवले, तरी नवी चक्री जळू शकते.

ट्रेलरबद्दल थोडक्यात सांगायचे, तर प्रत्येक चाक उचलून हाताने फिरवा आणि खरखर ऐकू आल्यास बेअरिंग उघडून ग्रीस बदला. धरणावर पोहोचताच ट्रेलर पाण्यात ढकलू नका. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सिलमधून पाणी आत ओढले जाते, म्हणून पंधरा-वीस मिनिटे थांबून चहा घ्यावा.

आता रंग. एवढे सगळे झाल्यावर जेलकोट शाबूत असेल, तर आपल्या बोटीला रंगाची गरजच नाही. रबिंग कंपाउंडने घासून वरून मेण चढवले की ती रंगवलेल्या बोटीपेक्षा चांगली दिसते. पूजा अवश्य करावी. हळदीचे डाग जेलकोटवर राहिले तरी उन्हात फिके होतात, परंतु नारळ मात्र बोटीच्या नाकावर न फोडता खाली दगडावर फोडावा.

प्रश्न : मे महिन्यात टाकीत साधारण पंधरा लिटर पेट्रोल राहून गेले. आता इंजिन सुरू होते, मिनिट-दोन मिनिटे चालते आणि बंद पडते. मेकॅनिक कार्बोरेटर बदलण्यास सांगत आहे. – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कार्बोरेटरचे पैसे देण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, ते पाहावे. तो बंद असेल तर इंजिन टाकीतले पेट्रोल ओढते, आत हवा जात नाही, इंधननळीवरचा रबरी फुगा चिपकून जातो आणि इंजिन बरोबर मिनिट-दोन मिनिटांनी गुदमरते. हसू नका, या एका स्क्रूने मलाही एकदा भर धरणात वल्हे मारायला लावले आहे.

स्क्रू उघडा असेल तर संशय पेट्रोलवर घ्यावा. पंपावर हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. अर्धी रिकामी टाकी, दिवसा उकाडा, रात्री गारवा आणि चार महिने पावसाळी हवा, असे सगळे जुळून आले की पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे जाते आणि मग पाणी व इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. इंजिनाची शोषणनळी तळापासूनच इंधन घेत असल्याने पहिला घोट त्याच मिश्रणाचा जातो. याची खात्री घरीच करता येते. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन, घट्ट बूच लावून, घराबाहेर सावलीत आणि आगीपासून दूर रात्रभर ठेवा. सकाळी बाटली न हलवता उजेडाकडे धरली आणि मध्ये स्पष्ट आडवी रेषा दिसली, तर ते सगळे पेट्रोल बाद झाले आहे. त्यात ताजे पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. ते गटारात, मातीत किंवा धरणाच्या काठावर ओतू नका, टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. गंगापूर धरणाचे पाणी आपल्याच घरच्या नळाला येते.

टाकी रिकामी करून वाळवल्यावर नळी आणि रबरी फुगा तपासा. इथेनॉलने जुने रबर मऊ पडते आणि त्याचे काळे कण पुढे जाऊन बसतात. नळी वाकवून पाहिल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा ती चिकट लागली, तर नवीन घ्यावी. त्यानंतर कार्बोरेटरची खालची वाटी उघडून आतला चिकट, पिवळट थर कार्बोरेटर क्लीनरने धुवावा. त्यातील जेटची छिद्रे मोजून पाडलेली असतात, म्हणून त्यांत तार घालू नये, फवारा आणि हवेचा दाब पुरतो. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागते आणि कार्बोरेटर बदलावा लागत नाही.

पुढच्या वर्षासाठी एक सवय लावून घ्या. हंगामाच्या शेवटच्या दिवशी इंधननळी सोडवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत पाण्यात चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. टू-स्ट्रोक इंजिनात तेल मिसळलेले पेट्रोल तर मुळीच साठवू नये. शिवाय आपल्या इंजिनाची पुस्तिका काढून पाहा. अनेक आउटबोर्ड उत्पादकांनी इथेनॉलची मर्यादा दहा टक्के सांगितलेली आहे. अशा इंजिनाला पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे आणि पंधरा दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल आणणे, या दोन गोष्टी कराव्यात.

प्रश्न : इंजिनाच्या खालच्या गिअरबॉक्समधील तेल काढले, तर ते दुधाच्या चहासारखे दिसले. तेल बदलून हंगाम काढता येईल काय? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. तेलाचा रंग दुधाळ होतो याचा अर्थ पाणी आत शिरले आहे आणि ज्या वाटेने ते शिरले ती वाट तेल बदलल्याने बंद होत नाही. तपासणीची योग्य पद्धत अशी, की इंजिन दोन दिवस उभे ठेवून, खाली पांढरे भांडे धरून, खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. पहिले दोन-चार थेंब स्वच्छ पाण्याचे आले आणि मग काळसर, मधासारखे तेल आले, तर पाणी अलीकडे आणि थोडे शिरले आहे. सगळेच तेल दुधाळ असेल, तर त्याच पाण्यात गिअर बराच काळ फिरले आहेत. स्क्रूच्या चुंबकी टोकावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप दिसला तर काळजी नको, परंतु बोटाला टोचणारे धातूचे तुकडे सापडले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

वाट शोधताना आधी सर्वांत स्वस्त जागा पाहावी, म्हणजे दोन्ही स्क्रूंखालची वॉशर. ती प्रत्येक वेळी नवीन घालायची असतात आणि जवळजवळ कोणीच घालत नाही. त्यानंतर पंखा काढा. आपल्याकडच्या धरणांत मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे सर्वत्र तरंगत असतात आणि तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, एकदा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला, की फिरता फिरता तो आतल्या सिलपर्यंत जाऊन त्याची कड कापतो. पंख्यामागे केसाएवढी हिरवी किंवा पांढरी कडी दिसली, की गुन्हेगार सापडलाच म्हणून समजा. सिल बदलल्यावर मेकॅनिककडून हवेच्या हातपंपाने दाब देऊन गळती नाही याची खात्री करून घ्या. नवे तेल नेहमी खालच्या भोकातून भरायचे आणि वरच्या भोकातून ते बाहेर येईपर्यंत भरत राहायचे. वरून ओतल्यास आत हवेचा फुगा राहतो. पुढे दर महिन्याला पंखा उतरवून पाहण्याचे काम दहा मिनिटांचे आहे.

प्रश्न : आमच्या कृषी पर्यटन केंद्रातील शेततळ्यात पर्यटकांसाठी दोन पॅडल बोटी आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी काय तपासावे? जीवरक्षक जॅकेट पाच वर्षांपूर्वीची आहेत. – एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : आपल्या बाबतीत बोटीआधी तळ्याकडे पाहावे लागेल. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला, की त्यावर पोहणाऱ्या माणसालाही पाय रोवता येत नाही आणि काठ हाताच्या अंतरावर असूनही तो वर येऊ शकत नाही. म्हणून चारही बाजूंनी वरून पाण्यापर्यंत जाड, गाठी मारलेले दोर कायमचे बांधलेले असावेत, एखादी दोराची शिडी असावी आणि बोट सुटते तेथे फेकण्यासाठी दोर बांधलेले तरंगते कडे टांगलेले असावे. हे नसेल तर बोटी धुऊन-पुसून ठेवण्यात अर्थ नाही.

जॅकेट हाताने दाबून पाहा. आतला फोम दाब सोडताच पूर्ववत फुगला पाहिजे. तो दबलेलाच राहिला किंवा आत कुरकुर वाजला, तर ते जॅकेट बाद करा. पट्टे दोन्ही हातांनी जोरात ओढा, कारण पाच वर्षे उन्हात वाळलेली शिवण दिसायला शाबूत असते आणि ओढल्यावर कागदासारखी उसवते. रंग उडालेल्या पट्ट्यावर विश्वास ठेवू नये. शेवटी प्रत्येक जॅकेट घालून कंबरभर पाण्यात कोणीतरी प्रत्यक्ष तरंगून पाहावे. मुलांसाठी मोठ्यांचे जॅकेट आवळून बांधण्याची प्रथा सर्रास दिसते, पण ती घातक आहे. पाण्यात पडताच जॅकेट वर राहते आणि मूल खालून निसटते. मुलांच्या मापाचे, मांड्यांमधून पट्टा असलेले जॅकेटच हवे. बोटींच्या पोकळ तरंगकांची बुचे काढून आत पाणी नाही ना, हे पाहा आणि पॅडलच्या दांड्याला ग्रीस द्या. बाकी या बोटींत बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

प्रश्न : आम्हा तीन मित्रांची सव्वीस फुटांची शिडाची बोट मांडव्याजवळ आहे. जूनपासून ती किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली असते. नोव्हेंबरमध्ये मुरुड, दाभोळ असे थांबत रत्नागिरीपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत आहे. आम्ही नाशिकला राहतो, त्यामुळे तयारीसाठी हाती फक्त शनिवार-रविवार आहेत. कोणती कामे टाळता येणार नाहीत? – तीन वाचक, नाशिकरोड

उत्तर : धरणावर चूक झाली तर काठ दिसत असतो, समुद्रात ती सोय नाही. म्हणून पहिला शनिवार-रविवार तळातल्या भोकांना द्या. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या किंवा बाहेर सोडणाऱ्या प्रत्येक झडपेचा दांडा पूर्ण उघडून आणि पूर्ण बंद करून पाहा. जो अडकतो त्यावर जोर न लावता तो सोडवून साफ करून घ्या. झडपेवरच्या नळीला दोन-दोन पट्ट्या असाव्यात आणि त्या गंजलेल्या असतील तर बदलाव्यात. प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाचे निमुळते लाकडी बूच दोरीने बांधून ठेवावे. नळी फुटली तर ते ठोकून बसवायला दहा सेकंद लागतात, पण ते कोठे ठेवले आहे हे शोधण्यात बोट निम्मी भरते.

दुसरा शनिवार-रविवार डोलकाठीला द्या. तिला धरून ठेवणाऱ्या पोलादी दोरांचा बिघाड बहुधा मधल्या लांबीत नसतो, तो दोन टोकांना, दोर धातूच्या नळीत दाबून बसवलेला असतो तेथे असतो. त्या तोंडाशी तांबूस डाग, बारीक भेग किंवा बाहेर आलेला एखादा तंतू दिसला, तर तो दोर बदलावा, चर्चा करू नये. तुटलेला तंतू शोधण्यासाठी हाताचे बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. तो अडकला तर कापूस फाटतो, बोट फाटत नाही. दोर दहा-बारा वर्षांचे असतील आणि ते कधी बदलले हे तिघांपैकी कोणालाच आठवत नसेल, तर ते न आठवणे हेच ते बदलण्याचे कारण समजावे.

तळाच्या रंगाचे काम अखेरच्या शनिवार-रविवारी करावे. समुद्रात मात्र तो रंग हवाच, कारण शंख-शिंपल्यांना रोखणारा रंग नसेल तर कोकणच्या उबदार पाण्यात काही आठवड्यांतच तळ खरखरीत होऊन बोटीचा वेग बराच कमी होतो. मात्र पंख्याच्या दांड्यावर बसवलेल्या जस्ताच्या गोळ्यावर रंग लागू देऊ नका. तो गोळा स्वतः झिजून पंख्याचा आणि दांड्याचा धातू वाचवतो. त्यावर रंग बसला की तो काम करीत नाही आणि मग पंखाच झिजू लागतो. निम्मा झिजलेला गोळा सरळ बदलावा. नाशिकच्या कोणा मित्राने धरणातल्या बोटीचा गोळा देऊ केला तर घेऊ नका. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा गोळा चालतो, तो खाऱ्या पाण्यात फार झपाट्याने विरघळतो.

बेताविषयी दोन शब्द. हवा शांत असेल तर त्या महिन्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे असतात आणि दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे सुटतात. त्यामुळे दक्षिणेला जाताना शीड आनंदाने भरते आणि परतताना त्याच वाऱ्याला तोंड द्यावे लागते. परतीचे टप्पे पहाटे निघून दुपारच्या आत संपतील इतके लहान ठेवा आणि जाण्यापेक्षा येण्यासाठी दिवस जास्त राखा. पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे सरकलेले असतात, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर खाडीत शिरू नये. अर्ध्याहून अधिक भरती झाल्यावर, तीही चढत्या पाण्यात शिरावे, म्हणजे बोट रुतली तरी थोड्या वेळाने आपोआप सुटते. स्थानिक तांडेलाला आधी फोन करून विचारण्यात कमीपणा मानू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातील चक्रीवादळांचाही काळ आहे. फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. सुट्टी मंजूर झाली आहे म्हणून निघायचे, असे करू नका. हवामान खात्याचा सागरी इशारा रोज पाहा, व्हीएचएफ रेडिओ सोळा क्रमांकाच्या चॅनलवर सुरू ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये असू द्या. संकटदर्शक ज्योतींवरची मुदत वाचा, ती बहुधा तीन वर्षांची असते.

प्रश्न : आमची जुनी लाकडी होडी पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये होती. परवा नदीत सोडली तर फळ्यांच्या फटींतून पाणी येऊ लागले. फटींत एम-सील भरावे काय? – एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : एवढ्यात भरू नका. शेडमध्ये लाकूड वाळून आकसले आहे आणि पाण्यात ते पुन्हा फुगेल. होडी काठाशी उथळ पाण्यात बांधून, निम्मी भरू देऊन, तीन-चार दिवस तशीच ठेवा. बहुतेक फटी आपोआप मिटतील. आता त्यांत कडक होणारे एम-सील भरले तर लाकूड फुगताना त्याला जागा मिळणार नाही आणि फळी चिरेल किंवा खिळे उपटतील. आठवड्यानंतरही जी फट झिरपते, तेवढीच पुन्हा वाळवून, जुना कापूस उकरून, नवा पिळलेला कापूस ठासून वरून लवचीक लांबी भरावी. चाकूचे टोक लाकडात सहज रुतते अशी जागा आढळली, तर तो प्रश्न फटीचा नाही, ती फळीच बदलायला हवी.

प्रश्न : सगळी तपासणी झाल्यावर बोट पहिल्यांदा पाण्यात घालताना काय पाळावे? परवाने कोणते लागतात? – अनेक वाचक

उत्तर : परवान्यांचे आधी पाहू. इंजिन असलेल्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार नोंदणी लागते आणि धरणात बोट घालण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ही कामे उन्हाळ्यातच उरकावीत, दसऱ्याच्या आठवड्यात कार्यालयात माणूस भेटत नाही.

पहिल्या दिवशी पाहुणे नकोत. दोन माणसे, वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे, नांगर आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी एवढेच सोबत घ्यावे. इंजिन लावण्याआधी रात्रभर उभी असलेली बॅटरी मोजली असता बारा दशांश सहा व्होल्टच्या आसपास दाखवली पाहिजे. बारा किंवा त्याखाली दाखवत असेल तर ती चार्ज करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पातळी पुन्हा तशीच खाली आली असेल तर धरणाच्या मध्यभागी तिची परीक्षा घेऊ नका. बोट ट्रेलरवरून पूर्ण न सोडता, निम्मी तरंगेल इतकी पाण्यात घेऊन दहा मिनिटे थांबा आणि तळाच्या फळ्या उचलून कोठून पाणी येते का, ते पाहा. त्यानंतर काठाला बांधूनच इंजिन सुरू करावे आणि थंडाव्याची धार कोमट होईपर्यंत चालू द्यावे. पहिली फेरी काठाला समांतर असावी. धरण भरलेले असले तरी फेब्रुवारीनंतर आवर्तने सुटू लागली की पाणी झपाट्याने उतरते आणि आज खोल पाण्यात असलेले बुंधे व खडक वर येतात, म्हणून आत्ता पाणी भरलेले असतानाच काठाच्या खुणा वहीत नोंदवून ठेवल्या तर मार्चमध्ये पंखा वाचतो.

राहिले तळाचे बूच. काही वर्षांपूर्वी ही सगळी तपासणी स्वतःच्या हाताने करून, मित्रांना काठावर उभे करून, मी बोट पाण्यात सोडली आणि काही मिनिटांतच माझे बूट पायांपाशी तरंगू लागले. बूच जूनमध्ये काढून घरी खिळ्यांच्या डब्यात ठेवले होते आणि ते अजून तेथेच होते. बाहेर ओढून घेतलेल्या बोटीतून पाणी निघायला पाऊण तास लागला. त्या दिवसापासून बोट ट्रेलरवर चढली की काढलेले बूच मी इंजिनाच्या किल्लीला बांधतो आणि दुसरे एक बूच गाडीच्या डॅशबोर्डात कायमचे पडलेले असते.